पडद्यामागे उभी राहणारी नात

माझी नात २१ महिन्यांची असताना दिवसातून दोन-तीनदा बैठकीच्या खोलीतील पडद्यामागे जाऊन उभी राहत असे. पडद्याची कड दोन्ही मुठींत घट्ट धरायची, टाचा उचलायच्या, पाय एकमेकांवर आवळायचे आणि सगळे अंग ताठ करायचे. तिचा चेहरा लालबुंद होई, कपाळावर घाम येई, आणि आमच्यापैकी कुणी जवळ गेले तर ती हाताने दूर सारत असे. पाच-दहा मिनिटांनी ती सैल पडे, बाहेर येई आणि पुन्हा खेळायला लागे. चड्डीत मात्र काहीच झालेले नसे. ‘बिचारी किती कुंथते, तरी होत नाही,’ असे मी लेकीला रोज सांगत असे. माझे हे सांगणे पूर्णपणे चुकीचे होते. ती कुंथत नव्हती. खाली आलेली शी ती आपल्या सगळ्या ताकदीनिशी आत रोखून धरत होती.

मी निवृत्त शिक्षिका आहे. लेक कामावर परत रुजू झाली तेव्हा मी साताऱ्याहून पुण्याला तिच्याकडे राहायला आले आणि दिवसभर नात माझ्याकडेच असे. लहान मुलांच्या बद्धकोष्ठाविषयी बोलताना लोक काय खायला घालावे आणि काय घालू नये याबद्दल भरभरून सांगतात. औषधाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो आणि ‘सवय लागेल हो’ हे एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडून निघते. हे वाक्य मीही मनाशी धरून बसले होते, आणि त्यापायी माझ्या हातून जी चूक झाली तिचा त्रास एका लहान जिवाला सोसावा लागला. म्हणून हा लेख मुख्यतः औषधाविषयी आहे.

आधी तिच्या तान्हेपणाविषयी थोडे सांगते, कारण तिथे गोष्ट नेमकी उलट होती. ती दोन महिन्यांची असताना, केवळ आईच्या दुधावर असताना, तिला आठ दिवस शी झाली नाही. मी अस्वस्थ झाले. आमच्याकडे अशा वेळी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी हलकेच लावण्याची पद्धत होती, आणि मी देठ खुडून तयारही ठेवला होता. लेकीने मला हात लावू दिला नाही. ‘आई, ती दूध पिते आहे, वजन वाढते आहे, पोट मऊ आहे, आपण थांबू,’ असे ती म्हणाली. नवव्या दिवशी सकाळी भरपूर, पिवळी, पातळसर शी झाली आणि बाळ शांत झोपले. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक दिवस शी न होणे हा आजार नव्हे. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि वाढत असेल, तर तिथे औषधाचे काहीच काम नसते. काही तान्ही मुले शी होण्यापूर्वी दहा-दहा मिनिटे लाल होऊन रडतात आणि मग अगदी मऊ शी करतात, तेही बद्धकोष्ठ नव्हे. पोटाने जोर करायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, या दोन गोष्टी एकत्र करणे त्यांना अजून जमलेले नसते, आणि काही आठवड्यांत ते आपोआप जमते. अशा बाळाला रोज देठ, कापूस किंवा साबणाची कांडी लावत राहिले तर ते स्वतः शिकायचे राहून जाते. शिवाय साबणाने आतली नाजूक त्वचा चुरचुरते ते वेगळेच.

मात्र तान्ह्या बाळाच्या बाबतीत काही गोष्टींत एक दिवसही थांबू नये. जन्मल्यावर पहिली काळी, चिकट शी ४८ तासांच्या आत झाली नाही, पहिल्या महिन्यातच बद्धकोष्ठ सुरू झाले, पोट फुगून टणक झाले, हिरवी उलटी झाली, वजन वाढेनासे झाले, किंवा पाठीच्या खालच्या टोकाशी केसांचा झुपका किंवा खळगा दिसला किंवा पायांत अशक्तपणा वाटला, तर घरातले किंवा दुकानातले कोणतेही रेचक न देता थेट बालरोगतज्ज्ञांकडे जायला हवे. कोपनहेगनचे डॉक्टर हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली ज्या विकाराचे वर्णन केले आणि जो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. तो भाग सैल पडत नाही आणि मळ मागे साचत राहतो. त्याला शस्त्रक्रियाच लागते. जन्मजात थायरॉइडची कमतरता असली तरी बद्धकोष्ठ होते, आणि तिथे वेळेवर उपचार न झाल्यास मेंदूच्या वाढीचे नुकसान होते. गुटी उगाळत बसण्यात असे दिवस जाऊ नयेत.

गुटीचा विषय निघालाच आहे तर तेही मनापासून सांगते. माझ्या दोन्ही मुलांना मी सहाणेवर बाळहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ यांचे मोजून वेढे घेऊन गुटी दिली, आणि त्या पहाटेच्या उगाळण्यात जी माया होती ती मला आजही खरी वाटते. परंतु त्या गुटीत मी मधाचे बोट घालत असे, ते आज कुणीही करू नये असे मी कळकळीने सांगेन. मधात एका जिवाणूचे बीज असू शकते. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करते. त्याने स्नायू लुळे पडतात, आणि या आजाराचे पहिले लक्षण बहुतेकदा बद्धकोष्ठच असते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी मध चाटवायचा तीच तक्रार मधामुळे उद्भवण्याचा धोका असतो.

नातीचे खरे दुखणे सुरू झाले ते तिचे अंगावरचे दूध सुटल्यावर, साधारण १४व्या महिन्यापासून. लेक कामावर जाऊ लागली, आणि मूल उपाशी राहू नये या काळजीने मी दुधाच्या बाटल्या वाढवत गेले. सकाळी एक, दुपारी झोपताना एक, संध्याकाळी एक, रात्री एक, असे दिवसाला जवळजवळ एक लिटर दूध तिच्या पोटात जात होते. वर्षानंतरच्या मुलाला अर्धा लिटर दूध पुरेसे असते, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दुधाने पोट भरल्यावर ती वरणभात, भाजी, फळ यांकडे पाहतच नसे. शी हळूहळू घट्ट होत गेली, मग बकरीच्या लेंड्यांसारखी, आणि १९व्या महिन्यात एके दिवशी इतकी जाड आणि कडक झाली की तिने किंकाळी फोडली. शीच्या एका कडेला रक्ताची लाल रेघ होती. गुदद्वाराशी चीर पडली होती.

मुलाच्या मनात त्या क्षणी काय घडते, हे मला आज नीट कळते. त्या वयात मुलाला कार्यकारण कळत नाही, पण दुखणे लक्षात राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळ आली तेव्हा तिला कालचे आठवले आणि तिने पाय आवळले. कळ गेली. तिला वाटले, सुटले. शरीरात मात्र असे झाले की गुदाशयात आलेला मळ तिथेच राहिला, आतड्याने त्यातले पाणी शोषून घेतले, तो आणखी कडक झाला, आणि दोन दिवसांनी जेव्हा तो बाहेर पडलाच तेव्हा आदल्या वेळेपेक्षा जास्त दुखले. मग ती पुढच्या वेळी अधिक निग्रहाने रोखू लागली. ‘न वेगान् धारयेत्’, म्हणजे नैसर्गिक वेग अडवू नयेत, असे चरकसंहितेत सांगितले आहे आणि त्या तेरा वेगांत मळाचा वेगही आहे. मोठ्या माणसाला हे सांगता येते. जिला वेग म्हणजे केवळ दुखणे एवढेच ठाऊक आहे अशा दीड वर्षाच्या मुलीला कसे सांगणार?

आम्ही अडीच महिने घरगुती उपाय करत राहिलो. काळ्या मनुका भिजवून त्यांचे पाणी, कोमट पाणी, तूप, अंजीर, नाभीभोवती हिंगाचा लेप, सगळे झाले. यातले काही वाईट नव्हते. पण चक्र एकदा फिरू लागल्यावर ते अशा उपायांनी थांबत नाही, आणि त्या अडीच महिन्यांत तिची भीती मात्र पक्की होत गेली. शेजारच्या एका बाईंनी मोठ्यांसाठी आणलेले लिक्विड पॅराफिनचे औषध चमचाभर द्या असे सुचवले. ते लेकीने दिले नाही हे फार बरे झाले, कारण हा तेलकट द्रव लहान मुलाच्या घशातून चुकून फुप्फुसात उतरला तर तिथे गंभीर सूज येते, आणि तान्ह्या बाळांना तर तो मुळीच द्यायचा नसतो. दुकानात सहज मिळणारा फॉस्फेटचा एनिमाही दोन वर्षांखालील मुलांना धोक्याचा असतो, कारण त्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते.

शेवटी आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी नातीला लेकीच्या मांडीवरच आडवे केले, पोटावर हलका हात फिरवला आणि मला म्हणाल्या, ‘आजी, इथे बोटे ठेवा.’ डाव्या कुशीच्या खाली, बेंबीपासून चार बोटांवर, मला एक घट्ट गोळा लागला. मी दचकले. ‘ही शी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ही आधी बाहेर काढल्याशिवाय वरून कितीही मनुका दिल्या तरी त्या या बुचाच्या मागेच अडकणार.’ मग मी पडद्यामागच्या त्या दहा मिनिटांचे वर्णन केले आणि त्यांनी विचारले, ‘तेव्हा ती खाली बसते की उभी राहते?’ मी म्हटले, उभी राहते, टाचा उचलून. ‘जोर करायचा असेल तर माणूस वाकतो, उकिडवा बसतो. टाचा उचलून पाय आवळणारे मूल शी थांबवत असते.’ इतकी साधी गोष्ट, आणि ती रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होती.

त्यांनी कागदावर एक फुगा काढून दाखवला. गुदाशय मोकळा असतो तेव्हा थोडा मळ आला तरी त्याच्या भिंतीला ताण पडतो आणि मेंदूला संदेश जातो. आठवडेच्या आठवडे मळ साचून भिंत सैल झाली की थोड्याशा मळाने ताणच पडत नाही, संदेश जात नाही, आणि कळ येते ती पुष्कळ साचल्यावरच. ताणलेला गुदाशय पुन्हा आपल्या मूळ आकाराला यायला आठवडे नव्हे, महिने लागतात. औषध दीर्घकाळ द्यावे लागते त्याचे एक कारण हे. दुसरे कारण त्यांनी सांगितले ते मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, ‘आपण पोटाला औषध देत नाही आहोत. शी करताना दुखत नाही, हे तिला पुन्हा पुन्हा, रोज, इतके महिने अनुभवायला मिळाले पाहिजे की दुखले होते हेच ती विसरली पाहिजे.’

उपचाराचे दोन टप्पे होते. पहिला टप्पा साचलेले काढण्याचा. त्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पांढरी, जवळजवळ बेचव पावडर वजनाच्या दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम या हिशेबाने रोज पाण्यात विरघळवून तीन ते सहा दिवस द्यायची असते. नातीचे वजन ११ किलो होते. दुसरा टप्पा तो मार्ग मोकळा ठेवण्याचा. त्यात साधारण किलोमागे ०.४ ग्रॅमपासून सुरुवात करून, शी रोज एकदा मऊ लापशीसारखी होईल अशा बेताने प्रमाण कमी-जास्त करायचे. युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली जी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत हीच पावडर पहिली पसंती आहे, ती न मिळाल्यास लॅक्ट्युलोजचे सिरप द्यावे असे म्हटले आहे, आणि देखभालीचे औषध किमान दोन महिने, शिवाय सगळी लक्षणे जाऊन किमान एक महिना लोटेपर्यंत चालू ठेवावे असे सांगितले आहे. एक वर्षाखालील बाळांना आपल्याकडे सहसा लॅक्ट्युलोजच देतात. ही मापे मी माहितीसाठी लिहिते आहे. मुलाचे पोट तपासून मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम.

पहिल्या टप्प्याचे चार दिवस कठीण गेले. दुसऱ्या दिवशी तिला चार वेळा पातळ झाले आणि मला वाटले, आता औषध बंद करावे, जुलाब लागले. वास्तविक पातळ झालेला मळ त्या घट्ट गोळ्याच्या कडेने वाट काढून येत होता आणि गोळा तसाच होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो निघाला. इतक्या लहान शरीरातून तेवढे बाहेर पडलेले पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या रात्री तिने पहिल्यांदा दोन पोळ्यांचा काला मागून खाल्ला.

त्यानंतर पाच आठवडे सुरळीत गेले. रोज सकाळी मऊ शी होऊ लागली, पडद्यामागचे उभे राहणे कमी झाले, आणि इथेच माझ्या मनाने उचल खाल्ली. मूल बरे झाले, मग औषध कशाला? दोन वर्षेही पुरी न झालेल्या मुलीला रोजचे औषध, तेही पोट साफ करण्याचे. हिच्या आतड्याला स्वतःहून काम करायची सवय राहील का? मी लेकीला विचारले, तिने डॉक्टरांचे म्हणणे पुन्हा सांगितले, आणि मी वरवर मान डोलावली. पण दिवसा पावडर मीच देत होते. मी आधी चमचा पाऊण केला, मग अर्धा, आणि दोन आठवड्यांनी नुसते पाणी देऊ लागले. कुणाला सांगितले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती पुन्हा पडद्यामागे गेली. दोन दिवसांनी पुन्हा ती किंकाळी आली, पुन्हा रक्ताची रेघ दिसली. आणि आता ती आपल्या आईलाही लंगोट काढू देईना.

मी त्या रात्री लेकीला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. बराच वेळ ती नातीच्या पाठीवर हात फिरवत बसली होती, आणि ते न बोलणे मला फार लागले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः डॉक्टरांसमोर कबूल केले. त्या रागावल्या नाहीत. औषध लवकर बंद करणे किंवा अर्धे देणे हेच दुखणे उलटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण असते, असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या मनातल्या भीतीचे मूळ कुठे आहे ते त्यांनी बरोबर ओळखले. ‘तुम्ही एरंडेलाच्या पिढीतल्या ना?’ त्यांनी विचारले.

खरे होते. माझ्या लेखी रेचक म्हणजे एरंडेल. महिन्यातून एका रविवारी सकाळी आई आम्हा भावंडांना ओळीने बसवून सुंठीच्या काढ्यात एरंडेल पाजत असे, दिवसभर पोटात मुरडा येई, आणि दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखे वाटे. एरंडेल आतड्यात गेल्यावर त्यापासून एक आम्ल सुटते आणि ते आतड्याच्या स्नायूंना डिवचून आकुंचन पावायला लावते. मुरडा येतो तो त्यामुळे. नातीला दिली जाणारी पावडर स्नायूंना काही करत नाही. तिचे लांबलचक रेणू आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाहीत. ज्या पाण्यात ती विरघळवली ते पाणी त्या रेणूंबरोबर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते आणि मळाला ओलावा देते. म्हणूनच पावडर सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात पुरती विरघळवूनच द्यायला हवी. लॅक्ट्युलोज ही माणसाला न पचणारी साखर आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, तीही पाणी धरून ठेवते, फक्त त्या आंबण्याने पोटात वायू धरतो आणि काही मुलांना फुगल्यासारखे होते. या दोन्ही औषधांनी आतडे आळशी होते किंवा सवय लागते असे दिसलेले नाही. सवय लागण्यासारखी एकच गोष्ट त्या घरात होती, ती म्हणजे रोखून धरण्याची, आणि औषध काढून घेऊन मी नेमकी तीच परत आणली होती.

त्या बोलण्याच्या ओघात डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आत मळाचा गोळा अडकलेला असला की काही मुलांची चड्डी थोडी-थोडी खराब होत राहते. वरचा पातळ मळ गोळ्याच्या कडेने झिरपतो, आणि गुदाशय सैल पडल्यामुळे मुलाला ते कळतही नाही. आईबाप समजतात की मूल मुद्दाम करते आहे. त्यापुढचे काही क्षण मला त्यांचे बोलणे ऐकू आले नाही. १९८८ साली माझा मुलगा चार वर्षांचा होता. वर्षभर तो रोज चड्डी खराब करत असे आणि ‘मला कळले नाही’ असे म्हणत असे. मी त्याला खोटारडा म्हटले होते. मारलेही होते, एकदा नव्हे, अनेकदा. बालवाडीतून घरी पाठवले की मी त्याला मोरीत उभे करून थंड पाण्याने धूत असे आणि मग एरंडेल पाजत असे. त्याच्या पोटात कुणी बोटे ठेवून पाहिली नाहीत, आणि ठेवावीत हे मलाही ठाऊक नव्हते. त्या रात्री मी त्याला फोन केला. तो आता चाळिशी ओलांडलेला आहे. मार त्याला आठवत नव्हता, किंवा आठवत नाही असे तो म्हणाला. ‘एरंडेलाचा वास मात्र अजून येतो, आई,’ एवढेच तो म्हणाला. मी त्याची माफी मागितली.

दुसऱ्यांदा पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात झाली, आणि या वेळी काही गोष्टी आम्ही जाणून बदलल्या. जेवणानंतर आतडे आपोआप हलू लागते, म्हणून सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तिला पाच मिनिटे पॉटवर बसवायचे, पण झालेच पाहिजे असा आग्रह धरायचा नाही. पायांखाली एक लाकडी पाट ठेवला, म्हणजे गुडघे वर येतात आणि उकिडवे बसल्याचा फायदा मिळतो. पाय लोंबकळत असले तर मुलाला जोर करता येत नाही. आम्ही घरातली सगळी मंडळी ‘शी झाली का?’ असे दिवसातून दहा वेळा विचारत होतो, ते पूर्ण बंद केले. झाली तर टाळ्या नाहीत, नाही झाली तर उसासा नाही. जावईबापू तिच्या शेजारी खाली बसून मुंगीची गोष्ट सांगत, आणि मी दाराबाहेर जपमाळ घेऊन बसत असे, कारण माझ्या चेहऱ्यावरची काळजी तिला लगेच दिसे. पॉटचे शिक्षण मात्र घाईने केले नाही. मऊ शी सहज होऊ लागल्यावरच ते करायचे असते, आणि ज्या काळात ते चालू असते त्या काळात औषध थांबवायचे नसते.

दूध दोन पेल्यांवर आणले. बाटली बंद झाली. तेवढ्यानेच तिला भूक लागू लागली आणि भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई पोटात जाऊ लागले. तरीही ज्या मुलाचे चक्र सुरू झालेले आहे त्याला केवळ जास्त पाणी पाजून आणि कोंडा खायला घालून बरे करता येते, याला आधार नाही. वयाला साजेसे पाणी आणि चोथा पुरे, त्याहून जास्त कोंबण्याने फक्त जेवणाची वेळ भांडणाची होते. क्वचित एखाद्या मुलात गायीच्या दुधातील प्रथिनाचे वावडे हेच मूळ असते. १९९८ साली इटलीतील डॉक्टरांनी रेचकांनी बरे न झालेल्या ६५ मुलांना गायीच्या दुधाऐवजी सोयाचे दूध दिले तेव्हा ४४ मुलांचे बद्धकोष्ठ सुटले. म्हणून औषध नीट देऊनही गुण येत नसेल तर दोन ते चार आठवडे दूध वर्ज्य करून पाहण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. आमच्यावर ती वेळ आली नाही.

या वेळी वही ठेवली. तारीख, पावडरचे माप, शी कशी होती, दुखले का. पहिल्या महिन्यात ‘दुखले’ असे सहा वेळा लिहिलेले आहे, दुसऱ्यात एकदा, आणि तिसऱ्यापासून एकदाही नाही. पण पडद्यामागे जाणे चौथ्या महिन्यापर्यंत सुरूच होते. दुखणे थांबल्यानंतरही भीती महिनाभर तशीच राहिली होती, हे त्या वहीत पांढऱ्यावर काळे दिसते, आणि पाच आठवड्यांत औषध आटपणाऱ्या मला ते तेव्हा कुणी दाखवायला हवे होते असे वाटते. तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी सहा ते बारा महिन्यांत औषधाशिवाय बरी होतात. बाकीच्यांना त्याहून अधिक काळ लागतो. या आकड्याने काही आईबाप खचतील. मला त्याने धीर आला, कारण आमचे काही वेगळे किंवा विपरीत चाललेले नाही हे त्यातून कळले.

नात आता दोन वर्षे दहा महिन्यांची आहे. दुसऱ्या सुरुवातीला अकरा महिने झाले. गेल्या महिन्यापासून डॉक्टरांनी पावडर कमी करायला सांगितले आहे, दर महिन्याला चतुर्थांश, आणि मध्ये एकदा जरी शी घट्ट झाली तर मागच्या मापावर परत यायचे. पडदा धुऊन पुन्हा लावला, तेव्हा तिच्या मुठींच्या जागी कापड विरलेले दिसले. पॉटवर ती आता स्वतःहून जाते आणि पाट ओढून घेते.

सकाळची पावडर अजून मीच देते. मधले काही महिने लेक कामावर जाण्यापूर्वी स्वतः मोजून पेला भरून ठेवत असे, आणि ते योग्यच होते. गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी तिने मापाचा चमचा माझ्या हातात दिला आणि आवरायला निघून गेली. मी सुरीच्या पाठीने चमचा सपाट केला, पावडर पाण्यात घातली, आणि शेवटचा कण विरघळेपर्यंत ढवळत उभी राहिले.